सायकल सर्व्हिसिंगला टाकताना मामाला काय सांगायचं

वळवाचे दोन-तीन पाऊस पडून गेले की मी सायकली अंगणात काढून बघायला लागतो. आमच्या घरी दोन आहेत. एक बाबांची काळी, २८ इंची चाकाची, दांडी ब्रेकची (वायरीऐवजी लोखंडी दांड्यांनी ओढला जाणारा ब्रेक), जिच्यावरनं ते बेळगावात वडगावहून उद्यमबागला फौंड्रीत जायचे आणि आता मी दळण, भाजी, बँक सगळं तिच्यावरच उरकतो, आणि दुसरी पोरीची गिअरवाली. दोन्ही वर्षातनं दोनदा सर्व्हिसिंगला जातात. गल्लीतली पोरं विचारत असतात, काका कुठल्या दुकानात टाकू सांगा की, आणि मी दुकान सांगतोच, पण त्याच्या आधी विचारतो की बाळा, तिथं जाऊन तू बोलणार काय आहेस? कारण "मामा सर्व्हिसिंग करा" एवढंच सांगून सायकल लावून आलास तर तेल सोडून, हवा भरून, फडकं मारून परत मिळणार आणि तुझा जो मूळ त्रास आहे तो तसाच राहणार. यात मिस्त्रीची चूक नाही. सायकल तू रोज चालवतोस, त्याच्यासमोर ती पाच मिनिटं स्टँडवर उभी असते, चढावर ती कुठं कुरकुरते हे त्याला कसं कळणार.

तर आधी वेळ कुठली ते सांगतो. मेचा दुसरा-तिसरा आठवडा सगळ्यात बरा. जून उजाडला, शाळा सुरू झाल्या की दुकानासमोर सायकलींची रांग लागते, वर्षभर माळ्यावर पडलेल्या, टायर तडकलेल्या, चेन गंजून काठीसारखी झालेल्या, आणि सगळ्यांना उद्याच पाहिजे असते. अशा गर्दीत मिस्त्री कितीही भला असला तरी एकेका सायकलीला वेळ देणार कुठनं? खंडेनवमीच्या आधीचे चार दिवस पण तसेच, पूजेला सायकल चकचकीत पाहिजे म्हणून सगळे एकदम येतात, आणि खुद्द पूजेच्या दिवशी हत्यारंच पाटावर मांडलेली असतात त्यामुळं काम नाही. आमचे मामा, म्हणजे आमचे नेहमीचे मिस्त्री, अमावस्येला पण दुकान उघडत नाहीत, तेवढं कॅलेंडर बघून जायचं. दिवसातली वेळ म्हणाल तर सकाळी अकराच्या पुढं, कारण त्याच्या आधी कामाला जाणाऱ्यांची हवा-पंक्चरची घाई असते.

दुसरी सर्व्हिसिंग पाऊस पूर्ण उघडल्यावर, आणि ही चुकवू नका. आपल्या भागात पावसाळा सायकलीला फार छळतो. पश्चिमेला खानापूर, जांबोटीकडं जाल तर तांबडी माती, ती बारीक होऊन चेनच्या प्रत्येक कडीत शिरते आणि तेलात मिसळली की पॉलिश पेपरसारखी दात घासत बसते. पूर्वेला बैलहोंगल, सौंदत्तीकडं काळी माती, ती चिकटते, मडगार्ड आणि टायरच्या मध्ये बसून चाकच जाम करते. म्हणून पावसाळ्यात कुठनं कुठं सायकल चालवली हे सुद्धा मिस्त्रीला सांगावं, त्यावरनं त्याला कळतं की आधी कुठं उघडून बघायचं.

आता दुकानात न्यायच्या आधी घरी काय करायचं. सायकल धुऊन न्या, चिखलात माखलेली सायकल कुणालाच उघडावीशी वाटत नाही आणि चीर, गंज काही दिसत पण नाही. पण धुवायची म्हणजे बादली, मग, जुना ब्रश, बस्स. मोटरसायकल वॉशिंगवाल्याकडं नेऊन प्रेशरचं पाणी मारून घेऊ नका. ते पाणी हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, आणि पुढच्या चेनव्हीलच्या कपात घुसतं, आतलं ग्रीस धुऊन नेतं, बाहेरनं सायकल नवीकोरी दिसते आणि महिन्याभरात आतल्या बेअरिंगच्या गोळ्या गंजून खडखड चालू होते. माझ्या पोरीच्या सायकलीचं मागचं हब असंच गेलं होतं, सायकल जेमतेम दोन वर्षांची होती.

सायकल वाळली की दहा मिनिटं हातानं तपासायची. पुढचा ब्रेक दाबून धरा आणि सायकल पुढं-मागं हलवा, हँडलच्या खाली टकटक लागली तर चिमट्याचा, म्हणजे चाक धरणाऱ्या फोर्कचा, कप सैल आहे. चाकाला वरनं धरून डाव्या-उजव्या बाजूला हलवा, डगडगलं तर कोन, म्हणजे हबमधल्या गोळ्या दाबून धरणारा नट, सैल. मग चाक उचलून फिरवा आणि दुसरा हात चिमट्याला लावून ठेवा, हाताला वाळू दळल्यासारखी गरगर जाणवली तर गोळ्या किंवा कप खराब. क्रँक, म्हणजे पायडलची दांडी, दोन्ही हातानं धरून आत-बाहेर ढकला, तिथं हलत असलं तर खालचं एक्सल उघडावं लागणार. चाकाच्या तारा दोन-दोन एकत्र चिमटीत दाबून बघा, सैल तार बोटाला लगेच सापडते, आणि वाजवून बघितलं तर बाकीच्या तारा टणक वाजतात आणि ती एकटी मंद वाजते.

चेनसाठी घरातली स्टीलची पट्टी घ्या, इंचाची बाजू पाहिजे. चेनच्या एका पिनवर शून्य ठेवायचं आणि बारा इंचावर बघायचं. चेनची एक कडी अर्ध्या इंचाची असते म्हणजे चोवीस कड्यांना बरोबर बारा इंच भरलं पाहिजे. पिन बाराच्या पुढं अर्धं सूत गेली असली, म्हणजे एक सोळांश इंच, तर चेन बदलायला आलीय. एक सूत पुढं गेली असली तर नुसती चेन बदलून भागत नाही, मागच्या फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकतीचे, दात पण त्या ताणलेल्या चेनच्या मापानं झिजलेले असतात, नवी चेन त्यावर बसत नाही, घसरते. हे मोजमाप मला आमच्या मामांनीच शिकवलं. वेळेवर चेन बदलली की फ्रीव्हील वाचतं, आणि गिअरच्या सायकलीत तर हा फरक खिशाला चांगलाच लागतो.

मग सगळ्यात महत्त्वाचं, आवाज. "कसला तरी आवाज येऊलालाय मामा" हे सगळेच सांगतात आणि त्यातनं काहीच कळत नाही. आवाज किती वेळानं येतो ते मोजा. रिकाम्या रस्त्यावर सावकाश चालवायची आणि ऐकायचं. पायडलच्या प्रत्येक फेरीला एकदा टक होत असेल तर पायडल, क्रँक नाहीतर क्रँक एक्सलला अडकवणारी कॉटर पिन, आणि जुन्या सायकलीत बहुतेक वेळा कॉटरच निघते. पायडल मारायचं थांबवलं तरी चाकाच्या फेरीगणिक आवाज चालूच असेल तर तो चाकाचा, म्हणजे रिम आऊट (वाकडी) असेल, तार सैल असेल, ब्रेकचं रबर किंवा मडगार्डची काडी घासत असेल. पायडलच्या दोन-अडीच फेऱ्यांत एकदा अडकल्यासारखं होत असेल तर चेनची एखादी कडी आखडलेली असते, कारण पुढच्या चेनव्हीलला ४४-४८ दात असतात आणि चेनला शंभराच्या वर कड्या, त्यामुळं ती एक कडी फिरून परत यायला तेवढ्या फेऱ्या लागतात. आणि चढावर उभं राहून जोर दिला की पायडल दचकून पुढं जात असेल तर चेन दातावरनं उडतेय किंवा फ्रीव्हीलच्या आतला खटका घसरतोय, हे मात्र लगेच दाखवायचं, कारण असं दचकून माणूस तोंडावर पडतो. राजहंसगडाच्या चढावर आमच्या ओळखीच्या एका पोराचं असंच झालं, नडगी फुटली.

एवढं बघून झालं की मोबाईलमध्ये चार ओळी लिहून ठेवा. "मागचं चाक डगडगतंय. पायडलला फेरीला एकदा टक. पुढचा ब्रेक पावसात लागत नाही." हेच घेऊन दुकानात जायचं.

दुकान कसं निवडायचं? मी तरी पाट्या बघत नाही, खाली जमिनीकडं बघतो. चांगल्या मिस्त्रीच्या समोर उघडलेल्या चाकाच्या गोळ्या एका वाटीत असतात, मातीत सांडलेल्या नसतात. रॉकेल-डिझेलची एक परात असते धुवायला. चाक सरळ करायचा स्टँड असतो, नाहीतर निदान सायकल उलटी करून चिमट्याला खडू टेकवून तो चाक बघत असतो. आणि पंक्चर काढताना काटा शोधायला टायरच्या आतनं बोटं फिरवतो का ते बघा, जो हे करतो तो बाकीचं काम पण मन लावून करतो. अजून एक, म्हातारी माणसं, दूधवाले, पेपर टाकणारी पोरं कुठल्या दुकानात थांबतात ते बघा. सायकल बंद पडली की त्यांचा दिवस बुडतो, ते उगाच कुठंही जात नाहीत.

गिअर आणि डिस्कची सायकल असेल तर आधी विचारून घ्या की हे काम करता का. साध्या सायकलीत आयुष्य गेलेले मिस्त्री आहेत, त्यांचं चाकाचं आणि गोळ्यांचं काम असं असतं की नव्या शोरूममध्ये बघायला मिळणार नाही, पण गिअरचं काही जण स्पष्ट सांगतात की ते मला जमत नाही, दुसरीकडं न्या. असं सांगणारा मिस्त्री सोडू नका, त्याच्याकडं चाकं तरी नक्की द्या. उलट साध्या सायकलीसाठी लांब शहरात यायची गरज नाही. कर्नाटक सरकारनं २००६-०७ पासून आठवीच्या पोरा-पोरींना ज्या मोफत सायकली दिल्या त्यातल्या कितीतरी अजून खेड्यात गवताचे भारे आणि दुधाची कॅनं वाहतात, त्यांच्या दुरुस्तीवर गावोगावचे मिस्त्री तयार झालेत. पार्टची पण काळजी नको. बाबांची सायकल ॲटलासची, तिचा साहिबाबादचा कारखाना २०२० च्या जूनमध्ये बंद पडला तेव्हा मला वाटलं आता संपलं, पण या जुन्या धाटणीच्या सायकलींची मापं जवळजवळ एकसारखीच असतात, दुसऱ्या कंपनीची कॉटर, एक्सल, ब्रेकचं रबर आरामात बसतं.

भाषेचा प्रश्न आपल्याकडं येत नाही म्हटलं तरी चालेल. मिस्त्री मराठी असेल, कन्नड असेल नाहीतर दखनी बोलणारे चाचा असतील, रिम, हब, फ्रीव्हील, कोन, आऊट हे शब्द तिन्ही भाषांत तेच. तरी पूर्वेकडं गेलात तर दोन-चार वाक्यं असू द्यावीत, "चैन बीळतैत्री" म्हणजे चेन पडतेय, "ब्रेक हिडियंगिल्ल्री" म्हणजे ब्रेक धरत नाही, आणि शेवटी "एष्ट आत्री?" किती झाले. त्यांच्या भाषेत दोन शब्द बोललं की समोरचा माणूस हातातलं काम ठेवून तुमच्याकडं बघतो, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

आता बोलणं. आधी त्रास सांगा, पार्ट सांगू नका. "मामा, चेन बदला" म्हणालात तर तो चेन बदलून देईल, आणि दोष फ्रीव्हीलचा असेल तर तुम्ही परत त्याच्या दारात. "मामा, चढावर जोर दिला की दचका बसतोय, चेन पट्टीवर अर्धं सूत जास्त दाखवतेय, जरा बघा की" असं म्हटलं की तो स्वतः बसून बघतो. मग काम कुठलं ते ठरवायचं. दुकानात साधारण दोन प्रकार चालतात. साधी सर्व्हिसिंग म्हणजे चेन धुऊन तेल, ब्रेक आवळणं, चाकाचा आऊट काढणं, सगळे नट-बोल्ट बघणं, हवा. आणि ओव्हरऑईल म्हणजे सगळं उघडायचं, दोन्ही हब, खालचं एक्सल, चिमट्याचे कप, पायडलं, धुऊन, खराब गोळ्या बदलून, नवीन ग्रीस भरून परत जोडायचं. रोज वापरात असलेल्या सायकलीला ओव्हरऑईल वर्षातनं एकदा, पावसाळ्यानंतर करावं असं माझं मत आहे, आणि मेमध्ये साधी सर्व्हिसिंग पुरते. दर दुकानागणिक वेगळे, म्हणून मजुरी किती आणि सामान किती हे वेगवेगळं विचारून घ्या, आणि एक वाक्य नक्की बोला, "मामा, उघडल्यावर जास्तीचं काय निघालं तर आधी फोन करा, मग घाला." जुने पार्ट पिशवीत ठेवून द्या म्हणून पण सांगा. यात अविश्वास काही नाही. झिजलेला कोन हातात घेऊन बघितला, त्यावरचे खड्डे बोटाला लागले, की पुढच्या वेळी ती गरगर कुठनं येते ते आपल्याला कायमचं कळतं.

मजुरीवरनं घासाघीस मी करत नाही. सामानाचा दर चार ठिकाणी विचारा हवं तर. पण उकिडवं बसून तासभर एका चाकाच्या तारा पाव-पाव फेरा फिरवणाऱ्या माणसाची मजुरी आधीच कमी आहे, त्यातनं दहा-वीस कापून घेऊन आपल्याला काय मिळणार.

जमलं तर सायकल टाकून निघून जाऊ नका, निदान पहिल्या वेळी तरी स्टुलावर बसा. बघण्यासारखं पुष्कळ असतं. गोळ्या मोजून घालतात का बघा. मागच्या हबला साधारण एका बाजूला नऊ, पाव इंची. पुढच्याला दहा, दीड सुताच्या. खालच्या एक्सलला एका बाजूला अकरा. काही सायकलीत गोळ्या पिंजऱ्यात बसवलेल्या असतात तिथं हा हिशोब वेगळा. जुन्या गोळ्यांतल्या दोन बदलून बाकीच्या तशाच ठेवणं चांगलं नाही, त्या एकसारख्या झिजलेल्या असतात आणि सगळा भार नव्या दोनवर येतो, म्हणून बदलायच्या तर पूर्ण सेट. कोन आवळताना चाक मोकळं फिरलं पाहिजे पण डगडगलं नाही पाहिजे, त्या दोन्हीच्या मधली जी जागा आहे ती शोधायला मिस्त्रीला चार-पाच वेळा सैल-घट्ट करावं लागतं, तेव्हा घाई करू नका. फ्रीव्हीलमध्ये ग्रीस भरू देऊ नका, आतले खटके चिकटतात, तिथं पातळ तेलच पाहिजे.

दांडी ब्रेकवाल्यांसाठी एक गोष्ट. या ब्रेकचं रबर रिमच्या आतल्या अंगाला, वर ओढून लागतं. त्यामुळं चाक डावी-उजवीकडं थोडं आऊट असलं तरी ब्रेकला फार फरक पडत नाही, पण चाकाची गोलाई बिघडली, कुठं उंच कुठं सखल झालं, तर ब्रेक दाबला की धक्के देतो. म्हणून "आऊट काढा" म्हणताना गोलाई पण बघा म्हणून सांगायचं. आणि स्टीलची रिम ओली झाली की रबर धरत नाही, हे कितीही सर्व्हिसिंग केली तरी राहणारच, पावसात ब्रेक अगोदरपासनं हलका दाबत यायचं म्हणजे रिमवरचं पाणी पुसलं जातं आणि मग तो लागतो. पोरांना हे शाळा सुरू व्हायच्या आधीच शिकवून ठेवा.

डिस्क ब्रेक असेल तर मात्र डोळ्यात तेल घालून बघा की डिस्कवर तेल पडत नाही. एका दुकानात पोरीच्या सायकलीवर चेनला तेल मारताना त्या माणसानं चांगल्या मनानंच डिस्कवर पण स्प्रे मारला, चमकावी म्हणून. ती संध्याकाळी घरी आली ती म्हणाली पप्पा, ब्रेक लागंना झालाय, नुसता किंचाळतोय. पॅडनी तेल पिऊन टाकलं होतं, ते साफ होत नाही, नवीन पॅड घालावे लागले आणि डिस्क स्पिरिटनं पुसावी लागली. उतारावर काही झालं नाही हे नशीब. तेव्हापासनं मी तेलाची बाटली दिसली की आधीच बोलतो, मामा, मागच्या डिस्कवर तेवढं फडकं टाका.

चेनच्या तेलाबद्दल पण बोलायला पाहिजे. गॅरेजचं जळकं ऑईल मारून घेऊ नका, फुकट मिळतं म्हणून खूप जण मारतात, त्यात आधीच काजळी आणि लोखंडाची बारीक पूड असते. घरचं खोबरेल पण नको, बेळगावच्या थंडीत सकाळी बाटलीत थिजलेलं तेल चेनवर काय वेगळं वागणार? शिलाई मशीनचं तेल पावसाळ्याबाहेर चालतं पण लवकर उडून जातं, पावसात जरा दाट तेल बरं. प्रत्येक कडीवर एक थेंब, पायडल उलटं फिरवत, मग पाच मिनिटं थांबून बाहेरचं सगळं तेल फडक्यानं पुसून काढायचं. तेल कडीच्या आत पाहिजे. बाहेर राहिलेलं तेल फक्त माती धरतं, आणि आपली तांबडी माती तर वाटच बघत असते.

टायर-ट्यूबचं पण त्याच वेळी उरकून घ्या. टायरच्या बाजूला तडे गेले असतील, आतले धागे दिसत असतील तर पावसाळ्यात नेऊ नका. उन्हाळ्यात माळावरनं, शेताच्या वाटेनं गेलेल्या टायरात सराट्याची टोकं आणि बाभळीचे काटे अर्धवट रुतून बसलेले असतात, आज पंक्चर नाही पण आठ दिवसांनी होणार, म्हणून टायर उतरवलाच आहे तर आतनं हात फिरवून सगळे काढायला सांगा. ट्यूबच्या जुन्या पद्धतीच्या वॉलची बारीक रबरी नळी अगदी स्वस्त असते पण ती कुजली की हवा रोज उतरते आणि लोक पंक्चर शोधत बसतात, ती दर सर्व्हिसिंगला बदलायची. हवा किती ते टायरच्या बाजूलाच लिहिलेलं असतं, पोरीच्या सायकलीच्या टायरवर ४० ते ६५ पीएसआय लिहिलंय, त्याच्या मधे ठेवतो, पावसात जरा कमी.

सायकल तयार झाली की पैसे द्यायच्या आधी एक चक्कर मारा, आणि ही चक्कर दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर नको, जिथं थोडा चढ आणि उतार आहे तिथं. मिस्त्रीला सांगून जा, कुणी नाही म्हणत नाही. आधी सावकाश दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून बघा, ब्रेकचं मूठ हँडलला टेकायच्या आधी चाक थांबलं पाहिजे, मधे दोन बोटांची जागा राहिली पाहिजे. मग चढावर जोर द्या. गिअर असतील तर एकेक करून सगळे टाका, वर जाताना आणि खाली येताना, चेन टोकाच्या गिअरवरनं तारांत पडत नाही ना हे मुद्दाम बघा. परत येऊन चाकाचे नट, सीटचा बोल्ट, हँडलचा बोल्ट हातानं हलवून बघा. घरून लिहून आणलेल्या चार ओळी काढा आणि एकेक तपासा, राहिलं असेल तर तिथंच सांगा, मिस्त्री दोन मिनिटांत करतो, घरी जाऊन चिडून काही होत नाही.

सीटची उंची पण तिथंच लावून घ्या, पाना त्याच्या हातात आहे तोवर. टाच पायडलवर ठेवून पायडल सगळ्यात खाली नेलं की पाय सरळ झाला पाहिजे. किती लोक गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडतात आणि सीट चार बोटं खाली असते.

पायडल घरी कधी काढावं लागलं तर लक्षात ठेवा, डाव्या बाजूच्या पायडलचा आटा उलटा असतो. उजव्यासारखं फिरवलं तर ते निघायच्या ऐवजी अजून आवळत जातं, आणि बसवताना जोर लावून उलट बसवलं तर क्रँकचा आटाच जातो, मग ते काम लेथवर न्यावं लागतं. बाबा ते उद्यमबागेतनं करून आणायचे, आता प्रत्येकाला ते शक्य नाही.

आणि आठवड्यानं परत जायचं. नवीन ब्रेकची वायर थोडी ताणते, सरळ केलेल्या चाकाच्या तारा भार पडल्यावर बसतात आणि एखादी सैल होते, नव्या कॉटर पिनचा नट तर हमखास एकदा आवळावा लागतो. पैसे कुणी मागत नाही याचे. पोरगी कॉलेजला जाता जाता दोन मिनिटं थांबते, मामा मागचं चाक उचलून एकदा फिरवतात, मान कलती करून ऐकतात, ब्रेकच्या वायरीचा नट अर्धा फेरा आवळतात आणि जा म्हणतात. पाऊस उघडल्यावर कधी टाकायची ती तारीख तेव्हाच विचारून ठेवा, खंडेनवमीच्या आधीचा आठवडा सोडून.